कडू थेंबांचा डॉक्टर

कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं तरी कडू ते कडूच, ही म्हण आपल्यापैकी प्रत्येकाने मेसच्या ताटासमोर बसून कधी ना कधी म्हटलेली आहे. कडू म्हणजे वाईट, कडू म्हणजे ताटाच्या कडेला सारून ठेवायची वस्तू, असा आपला साधा हिशोब. पण या कडू चवीवरच एका माणसाने उभं आयुष्य काढले आणि त्याने केलेला अर्क आज दोनशे वर्षांनंतरही जगभर विकला जातो. त्या माणसाचे नाव डॉ. योहान गॉटलीब बेंजामिन झीगर्ट आणि त्यांच्या अर्काचे नाव अंगोस्तुरा बिटर्स.

बिटर्स म्हणजे काय, ते आधी सांगतो. कडू मुळ्या, साली आणि सुवासिक मसाले अल्कोहोलमध्ये मुरवून काढलेला दाट चवीचा अर्क म्हणजे बिटर्स. कॉकटेलमध्ये हा अर्क थेंबाथेंबाने टाकतात. स्वयंपाकात मिठाचं जे काम, तेच पेल्यात याचं. आता कॉकटेल हा शब्द वाचून रेक्टर सरांच्या भुवया वर जाण्याआधीच सांगून टाकतो की हा लेख दारूवर नाही. हा लेख एका लष्करी डॉक्टरवर आहे. आजारी सैनिकांना चार घास जावेत म्हणून या गृहस्थांनी चार वर्षे खटपट केली. त्या खटपटीचं पुढे भलतंच झालं, आणि मला लिहावंसं वाटलं ते त्यामुळेच.

झीगर्ट यांचा जन्म २२ नोव्हेंबर १७९६ चा, सायलेशियातल्या एका खेड्यातला. तेव्हा हा प्रांत प्रशियाच्या राज्यात होता, आज तो भाग पोलंडमध्ये येतो. त्यांनी वैद्यकीचे शिक्षण बर्लिनला घेतले. तो काळ नेपोलियनचा. आपण वयाच्या ज्या टप्प्यावर सबमिशनसाठी रात्र जागवतो, त्या वयात हा मुलगा प्रशियाच्या सैन्यात जखमींच्या मलमपट्ट्या करत होता. १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनचा शेवट झाला आणि युरोपातली युद्धे थांबली. युद्ध थांबले की सैनिकही रिकामे आणि सर्जनही रिकामे!

त्याच वेळी अटलांटिकच्या पलीकडे दुसरे युद्ध पेटलेले होते. दक्षिण अमेरिकेतल्या स्पॅनिश वसाहती सिमोन बोलिव्हारच्या नेतृत्वाखाली स्वातंत्र्यासाठी लढत होत्या. बोलिव्हारला अनुभवी माणसे हवी होती आणि युरोपात ती मोकळी बसलेली होती. ब्रिटिश, आयरिश, जर्मन असे हजारो लोक जहाजांनी तिकडे गेले. कुणी पगारासाठी गेले, कुणी स्वातंत्र्याच्या कल्पनेने भारावून. १८२० साली त्यांच्यामागून डॉ. झीगर्टही निघाले. वय अवघे तेवीस. नोकरी मिळाली ती व्हेनेझुएलातल्या अंगोस्तुरा गावच्या लष्करी रुग्णालयात.

अंगोस्तुरा या स्पॅनिश शब्दाचा अर्थ अरुंद जागा. ओरिनोको ही प्रचंड नदी तिथे अरुंद होते, म्हणून गावाला ते नाव. समुद्रापासून नदीमार्गे सुमारे चारशे किलोमीटर आत, दमट आणि उष्ण प्रदेश. १८१७ साली बोलिव्हारच्या बाजूने हे गाव जिंकले आणि ती क्रांतीची राजधानीच झाली. १८१८ मध्ये तिथून क्रांतिकारकांचे वर्तमानपत्र निघू लागले, १८१९ मध्ये तिथेच प्रसिद्ध अंगोस्तुरा काँग्रेस भरली. इतिहासाच्या दृष्टीने मोठे गाव, पण तब्येतीच्या दृष्टीने महाकठीण. वीस वर्षे आधी, १८०० साली, प्रसिद्ध शास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट आणि त्यांचे सहकारी बाँप्लां ओरिनोकोचा प्रवास करून याच गावी पोहोचले होते, आणि पोहोचताच दोघांनाही तापाने झोपवले होते.

अशा ठिकाणी सैन्याचे रुग्णालय चालवायचे म्हणजे काय, याचा विचार करून बघा. ताप कशाने येतो हे कुणालाच ठाऊक नाही. डासामुळे मलेरिया पसरतो हे रोनाल्ड रॉस यांनी आपल्या सिकंदराबादेत दाखवले ते १८९७ साली, म्हणजे झीगर्ट अंगोस्तुराला पोहोचल्यानंतर तब्बल ७७ वर्षांनी. सिंकोनाच्या सालीतून क्विनीन वेगळे काढले गेले ते मात्र नेमके १८२० मध्येच, पण पॅरिसच्या प्रयोगशाळेत. जंगलातल्या रुग्णालयात ते लगेच कुठून येणार? जंतू ही कल्पनाच अजून रुजायची होती, त्यामुळे पाणी उकळून प्या असे सांगणारेही कुणी नव्हते. सैनिक तापाने आणि पोटाच्या विकारांनी खंगत. ताप उतरला तरी अन्नावरची वासना उडालेली. पोटात काही टिकेना, अंगात ताकद येईना. असा माणूस लढाई तर सोडाच, पुढचा ताप तरी कसा सोसणार?

झीगर्ट यांनी तापाचे मूळ शोधायचा हट्ट धरला नाही. ते त्या काळात त्यांच्या हातातलेच नव्हते. त्यांनी प्रश्न लहान करून घेतला. माणसाचे पोट पुन्हा चालू कसे करायचे? भूक कशी लागेल? एवढ्याच प्रश्नाला ते भिडले. मला स्वतःला त्यांच्या चरित्रातली ही जागा सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपले प्रोजेक्ट अडतात ते बहुतेक वेळा इथेच. विषय असतो जगाचा ऊर्जाप्रश्न आणि हातात असतो एक पंप!

मग सुरू झाला प्रयोगांचा सिलसिला. मी केमिकलचा विद्यार्थी असल्याने मला या कामाचा आकडाच आधी दिसतो. समजा, वीस वनस्पती घेतल्या. प्रत्येकीचे मूळ, साल, फळ, बी वेगळे. अल्कोहोलचे प्रमाण किती, किती दिवस मुरवायचे, कुठली वस्तू कुणाबरोबर आणि किती, हे सगळे बदलत गेलो तर जुळण्या हजारोंच्या घरात जातात. त्यांच्याकडे ना धड प्रयोगशाळा, ना आपल्यासारखी उपकरणे. मोजमाप एकच, समोरच्या खाटेवरचा माणूस. त्याला जेवण गेले की नाही? असे करता करता १८२४ साली, चार वर्षांनी, त्यांच्या मनासारखा अर्क जमला. नाव ठेवले आमार्गो आरोमातिको, म्हणजे सुवासिक कडू. नावात काही भपका नाही, वस्तू जशी आहे तसेच नाव.

आता या सुवासिक कडूमागचे शास्त्र थोडक्यात पाहू, कारण खरी गंमत तिथे आहे. आपल्या जिभेवर गोड चवीसाठी एकच प्रकारचा ग्राहक असतो, पण कडूसाठी मात्र सुमारे २५ प्रकारचे. कारण सरळ आहे. निसर्गातली बरीच विषे कडू असतात, त्यामुळे कडू ओळखणे हा जिवाचा प्रश्न होता. जिभेला कडू लागले की तोंडाला पाणी सुटते आणि पाचकरस पाझरायला मदत होते, असे पूर्वापार मानले जाते. म्हणूनच युरोपात जेवणाआधी काहीतरी कडू घ्यायची जुनी पद्धत आहे. अंगोस्तुरा बिटर्समध्ये कडूपणा येतो तो जेन्शन नावाच्या वनस्पतीच्या मुळीतून. ही वनस्पती युरोपातल्या डोंगराळ भागात वाढते. तिच्यात अमारोजेंटिन नावाचे द्रव्य असते. पाच कोटी ऐंशी लाख भाग पाण्यात एक भाग टाकले तरी ते जिभेला कळते म्हणे! निसर्गात सापडणाऱ्या सर्वात कडू द्रव्यांपैकी हे एक.

हे वाचताना मला आमच्या आजीचा पेला आठवला. ताप येऊन गेला की ती काडेचिराईत रात्री पाण्यात भिजत घालायची आणि सकाळी ते पाणी नाक दाबून प्यायला लावायची. नंतर कळले की चिराईत आणि जेन्शन एकाच कुळातल्या वनस्पती आहेत आणि तेच अमारोजेंटिन चिराईतातही असते. म्हणजे ओरिनोकोच्या काठावर झीगर्ट जे करत होते आणि आमच्या घरात आजी जे करत होती, त्याचा पाया एकच!

फरक आहे तो सुवासिक या शब्दात. नुसते कडू कोण पिणार? आपल्याकडेही पाडव्याला कडुनिंबाची पाने नुसती खात नाहीत. गूळ, हिंग, मिरी, ओवा, चिंच घालून गोळी करतात, तेव्हा ती घशाखाली उतरते. झीगर्ट यांनीही तेच केले. कडूपणाला साखरेचा आधार दिला आणि भोवती मसाल्यांचा वास रचला. अंगोस्तुराची चव सांगायची तर आधी लवंग-दालचिनीसारखा ऊबदार वास येतो, मग संत्र्याच्या सुकलेल्या सालीची आठवण होते, आणि सगळ्यात शेवटी मुळीचा कडूपणा जिभेच्या मागच्या बाजूला बराच वेळ रेंगाळतो. रंग गडद तांबूस तपकिरी. नेमके कुठले मसाले, हे मात्र आजही गुपित आहे.

अल्कोहोल कशाला, असा प्रश्न व्हायवाला येऊ शकतो. उत्तर सोपे आहे. मसाल्यातली सुगंधी तेले पाण्यात फारशी विरघळत नाहीत. मुळीतली काही कडू द्रव्ये पाण्यात चांगली उतरतात. अल्कोहोल आणि पाणी यांचे मिश्रण दोन्ही बाहेर काढते, आणि अर्क वर्षानुवर्षे खराब होत नाही. या बिटर्समध्ये अल्कोहोल ४४.७ टक्के असते, म्हणजे रमपेक्षाही थोडे जास्तच. पण वापरायचे ते थेंबांनी. एक झटका दिला तर एक मिलीलिटरसुद्धा पडत नाही.

इथे एक गैरसमज दूर करतो. अंगोस्तुरा नावाची एका झाडाची औषधी सालही आहे, तिलाही याच गावावरून नाव मिळाले. त्यामुळे बिटर्समध्ये ती साल असणार असे लोक धरून चालतात. पण ती त्यात नाही, लेबलवरच तसे छापलेले असते. बाटलीवरचे नाव गावाचे, झाडाचे नव्हे.

औषध तयार झाले रुग्णालयासाठी, पण अंगोस्तुरा होते बंदर. जहाजे येत, खलाशी उतरत. खलाशांना पोटाचा त्रास काही नवा नाही, शिवाय बोट लागणे हा कायमचा दुखणेकरी पाहुणा. कुणीतरी हा अर्क घेतला, बरे वाटले, पुढच्या बंदरात जाऊन सांगितले. आपल्या हॉस्टेलवर एखाद्या चांगल्या टपरीची बातमी जशी पसरते, तशीच ही पसरली. १८३० च्या आसपास अर्क त्रिनिदाद आणि इंग्लंडकडे जाऊ लागला. मागणी वाढत गेली, तेव्हा १८५० च्या सुमारास डॉक्टरांनी लष्करी नोकरी सोडली आणि पूर्ण वेळ याच कामाला वाहून घेतले. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षाच्या आसपास नव्याने सुरुवात! दरम्यान १८४६ साली गावाचे नाव बदलून बोलिव्हारच्या सन्मानार्थ स्युदाद बोलिव्हार झाले. बाटलीने मात्र जुनेच नाव धरून ठेवले.

इंग्रजांच्या आरमारात अधिकारी हे कडू औषध जिनमध्ये मिसळून घेऊ लागले. जिनला फिकट गुलाबी छटा यायची, म्हणून त्याचे नाव पडले पिंक जिन. औषध घेण्यासाठी जिन की जिन घेण्यासाठी औषध, हे त्यांचे त्यांनाच माहीत! १८६२ साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात अंगोस्तुरा बिटर्स मांडले गेले आणि ते युरोपभर माहीत झाले. अमेरिकेत तर त्याच्यासाठी जागा जणू आधीपासून राखून ठेवलेली होती. १८०६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका वर्तमानपत्राने कॉकटेल म्हणजे काय ते छापले होते. मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स, एवढीच व्याख्या. म्हणजे बिटर्स नाही तर कॉकटेल नाही. असे अर्क तिथे आधीही होते. न्यू ऑर्लिन्सच्या पेशो नावाच्या औषधविक्रेत्याचे बिटर्स तर आजही प्रसिद्ध आहेत. पण जगाच्या प्रत्येक बारच्या फळीवर जाऊन बसली ती झीगर्ट यांची बाटली.

डॉक्टर १३ सप्टेंबर १८७० रोजी वारले. पन्नास वर्षांपूर्वी ज्या गावात नोकरीला आले, त्याच गावात देह ठेवला. सायलेशियाचा मुलगा शेवटपर्यंत ओरिनोकोच्या काठावरच राहिला.

पुढचे काम मुलांनी चालवले. व्हेनेझुएलात यादवी आणि सत्तापालट यांना अंत नव्हता. तेव्हा १८७५ साली मुलांनी सगळा कारखाना समुद्रापलीकडे त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेनला हलवला. हे शहर आपल्याला अजिबात परके नाही. १९७१ साली सुनील गावस्करांनी पदार्पणाची कसोटी इथेच खेळली आणि त्याच मालिकेतल्या शेवटच्या कसोटीत इथेच १२४ आणि २२० धावा काढल्या. शिवाय १८४५ पासून भारतातून करारावर नेलेले मजूर या बेटावर उतरत होते, त्यांचे वंशज आज तिथल्या लोकसंख्येचा मोठा भाग आहेत. आज तिथल्या घरांत बिटर्स केकमध्ये, आइस्क्रीममध्ये, सरबतात पडते. म्हणजे बारपेक्षा स्वयंपाकघरच त्याला जवळचे.

बाटलीवरचे लेबल बाटलीपेक्षा मोठे असते, ते गळ्यापर्यंत वर येते. त्याची एक गोष्ट सांगतात. एका स्पर्धेसाठी एका भावाने बाटली ठरवली, दुसऱ्याने लेबल छापून आणले, आणि दोघांनी एकमेकांना माप विचारलेच नाही! वेळ उरला नव्हता म्हणून तसेच चिकटवून पाठवले. स्पर्धा हरली, पण ही तऱ्हेवाईक बाटली लक्षात राहते म्हणून ती तशीच ठेवायचा सल्ला मिळाला. गोष्ट कितपत खरी कोण जाणे, पण ड्रॉइंगच्या तासाला सर टॉलरन्सवर एवढा जोर का देतात ते यावरून कळावे. १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात मात्र पदक मिळाले. त्या पदकावरची सम्राट फ्रान्झ योसेफ यांची छबी अजून लेबलवर आहे.

पेटंटचे काय, हा प्रश्न इथल्या वाचकांना पडणारच. पेटंट घ्यायचे तर पाककृती उघड करावी लागते आणि मुदत संपली की ती सगळ्यांची होते. झीगर्ट घराण्याने गुपिताचा मार्ग धरला. जगभर नकला निघाल्या, नावावरून खटले झाले, पण मूळ पाककृती बाहेर गेली नाही. आजही ती मोजक्या चार-पाच जणांनाच ठाऊक असते, असे सांगतात.

सगळ्यात मोठी गंमत अमेरिकेत झाली. १९२० ते १९३३ तिथे दारूबंदी होती. पण बिटर्स थेट प्यायची वस्तू नाही, ते औषधी अर्क, म्हणून विकायला मोकळे. विस्कॉन्सिनमधल्या वॉशिंग्टन बेटावर एका बारमालकाने औषधविक्रीचा परवाना काढला आणि पोटदुखीवरचा उपाय म्हणून अंगोस्तुरा पेल्यांनी पाजले. बेटावरच्या सगळ्यांचे पोट एकदम बिघडले असणार! आयुष्यभर औषध म्हणून धडपडलेली वस्तू बारमध्ये स्थिरावली होती, आणि बार बंद पडल्यावर तिला पुन्हा औषधाचा सदरा घालावा लागला.

मग प्रश्न उरतो की झीगर्ट यशस्वी झाले की अयशस्वी? आमच्या खोलीत यावर रात्री दोनपर्यंत वाद झाला. माझ्या पार्टनरचे म्हणणे असे की ते सपशेल हरले. त्यांना औषध करायचे होते. ते औषध वैद्यकीच्या पुस्तकांतून गेले, क्विनीन आणि नंतरची औषधे पुढे निघून गेली. त्यांच्या अर्काने ताप बरा होत नव्हता, हे आज कुणीही सांगेल. उरले काय, तर श्रीमंतांच्या पेल्यातला एक थेंब.

मला तसे वाटत नाही. ताप बरा करायचा दावा हा त्यांच्या कामाचा गाभा नव्हताच. खंगलेल्या माणसाला अन्न गोड लागावे, हा त्यांचा प्रश्न होता. त्यासाठी त्यांनी चवीवर इतके बारीक काम केले, इतके संतुलन साधले, की औषधाची गरज संपल्यावरही ती चव लोकांना सोडवेना. काम नुसते उरकले असते, कडू काढा करून सैनिकांच्या घशात ओतला असता, तरी त्या वेळी चालून गेले असते. रुग्ण काही तक्रार करायला येत नव्हते. तरी त्यांनी चार वर्षे घेतली. तो काढा त्या रुग्णालयाबरोबरच संपला असता. हा अर्क टिकला, कारण तो गरजेपेक्षा चांगला केलेला होता.

आपण जे करतो त्याचा उपयोग पुढे कोण कशासाठी करील, हे आपल्या हातात नसते. पंप शेतीसाठी करावा आणि तो कुणी कारंज्याला लावावा, असे चालायचेच. आपल्या हातात असते ते काम नीट करणे, प्रमाण चुकू न देणे. पार्टनरला हे अजून पटलेले नाही, आणि त्याचा मुद्दाही अगदीच टाकाऊ नाही. तुम्हाला काय वाटते ते मेसमध्ये भेटलात की जरूर सांगा.

असो. त्या मोठ्या लेबलवर आजही डॉ. जे. जी. बी. झीगर्ट हे नाव सहीसकट छापलेले असते. नावाआधीचे डॉक्टर हे अक्षर कंपनीने काढलेले नाही. बारच्या फळीवर, रंगीबेरंगी बाटल्यांच्या गर्दीत, लष्करी रुग्णालयातला तो डॉक्टर अजून उभा आहे.